दिवा एक, चोर दोन

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. काळी, १.८ टर्बो, मी तिसरा मालक. दोन वर्षांपूर्वी घेतली, मीटरवर १,३८,००० किमी आहेत. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, अर्धा मिनिट अगदी गुळगुळीत, मग थरथरायला लागते. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग हलतं, आरपीएमचा काटा ७०० ते ९०० मध्ये नाचतो. हायवेला ८०-९० ने चालवली तर काहीच त्रास नाही. पण यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्यात जोरात दाबली की खाडखाड झटके देते आणि चेक लाइट लुकलुकतो. आतापर्यंत चारी प्लग बदलले, दोन कॉइल बदलले, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी साफ केली. थ्रॉटल साफ केल्यावर तर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं चालणं, आणखीच बिघडलं. एक गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, ८०,००० लागतील. दुसरे म्हणतात इंजिन खोलावं लागेल. ४६,००० घालून झालेत. वडील म्हणतात, भंगारात घाल. स्कॅनरला पी०१७१, पी०३०० आणि पी०३०२ असे तीन कोड येतात. मित्राच्या लॅपटॉपवर व्हीसीडीएस, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडा तपासायचं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या ०३२ ग्रुपचा फोटो आणि काढलेल्या प्लगांचा फोटो सोबत जोडलाय.
– एक गाडीवेडा, सातारा

उत्तर : काका म्हणालास, म्हणजे अरेतुरे केलेलं चालेल असं धरतो. गाडी भंगारात जाणार नाही, हे आधी वडिलांना सांग. आणि टर्बोला हात लावू देऊ नको. ज्यानं ८०,००० सांगितले त्यानं ‘टर्बोची गाडी, मिसिंग करते, म्हणजे टर्बोच’ एवढाच हिशेब केलेला दिसतो. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न जळणं. अरे, टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. आयडलिंगला तो नुसता फिरत असतो, दाब भरत नाही. तो गेला असता तर निळा धूर आला असता, शिट्टी चढली असती, इंटरकूलरच्या पाइपात तेल साचलं असतं, पिकअप पडला असता. तुझ्या पत्रात यातलं एकही नाही.

पत्र मी तीनदा वाचलं. थरथर उभ्या गाडीत, झटके चढाला, आणि मधल्या चालीला गाडी शहाणी. आतापर्यंतच्या सगळ्या मिस्त्रींनी हा एकच आजार धरला आणि एकच औषध शोधत बसले. मला वाटतं तुझ्या गाडीत चोर दोन आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. एक येतो इंजिन निवांत असताना, दुसरा टर्बो भरल्यावर. दिवा मात्र दोघांत मिळून एकच, म्हणून घोळ.

पहिला चोर आधी. तुझ्या फोटोत ०३२ ग्रुपच्या पहिल्या खान्यात ९.८ टक्के आहे, दुसऱ्यात ४.१. दोन्ही अधिक. पहिला खाना आयडलिंगचा, दुसरा चालत्या गाडीचा. अधिक म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतंय की पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो वरून घालतोय. पी०१७१ तेच सांगतो, मिश्रण पातळ.

आता थोडं गणित, पण सोपं. या १७८१ सीसीच्या इंजिनात आयडलिंगला सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा जाते. कुठल्या तरी फाटक्या नळीतून ०.३ ग्रॅम चोरून शिरली तर ते झाले १० टक्के. हीच गाडी हायवेला सेकंदाला ३० ग्रॅम हवा घेत असेल, तर त्याच भोकातून तेवढीच हवा शिरली तरी ती १ टक्का होते. म्हणून आयडलिंगचा आकडा मोठा आणि चालीचा लहान असला की मी डोळे मिटून म्हणतो, हवा खातेय. पेट्रोल पंप दमला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर दुसरा खाना फुगला असता. तो फुगलेला नाही.

दुसऱ्या खान्यातले ४ टक्के मात्र मला चोरीचे वाटत नाहीत. ते पंपावरच्या इथेनॉलचे. निव्वळ पेट्रोलच्या १ किलोला जाळायला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १३.५ पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. २००५ च्या कॉम्प्युटरला हे कुणी शिकवलेलं नाही, तो बिचारा ऑक्सिजन सेन्सरकडे बघून वाढवत राहतो. आजकाल जुन्या गाड्यांत हा आकडा थोडा वर दिसतोच. त्याच्या मागे लागू नको.

सकाळचं पहिलं अर्धं मिनिट चांगलं का जातं? थंड इंजिनाला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल पाजतो. त्या जादा पेट्रोलात चोरीची हवा झाकली जाते. पाजणं कमी झालं की चोरी उघडी पडते. हे वाक्य तू पत्रात लिहिलंस म्हणून माझं अर्धं काम झालं. गाडी घेऊन येणारे नुसतं ‘मिसिंग करते’ म्हणतात. कधी, कुठं, किती वेळानं, हे विचारून काढावं लागतं.

या इंजिनात हवा कुठून शिरते? बहुतेक वेळा खालून. समोर उभं राहून बॉनेट उघडलंस की वरचं प्लास्टिकचं कव्हर दिसतं, सिलिंडरांना हवा वाटणारा ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड दिसतो, सगळं देखणं. खरी भानगड मॅनिफोल्डच्या पोटाखाली, ऑइल फिल्टरच्या वर. इंजिनातली वाफ परत आत ओढून जाळायची म्हणून तिथं रबरी नळ्यांचं एक जाळं आहे, मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह आहे. वीस वर्षं खालून तेलाची वाफ आणि वरून इंजिनची धग. नळी बाहेरून ठणठणीत दिसते, बोटानं दाबली की ओल्या पापडासारखी आत जाते.

हे मला शिकवलं ते माझ्याच चुकीनं. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशीच एक ऑक्टाव्हिया उद्यमनगरात माझ्या दारात आली. तीच थरथर, तोच कोड. मी मूळचा डिझेल पंपवाला. मामाच्या दुकानात पंप कॅलिब्रेट करत मोठा झालो, पेट्रोल टर्बोचा मला तेव्हा जरा जास्तच आत्मविश्वास होता. कॉम्प्रेशन न मोजता मी हेड उतरवलं. व्हॉल्व्ह घासून घेतले, गास्केट नवं घातलं, सगळं चढवलं, चालू केली. तीच थरथर. मग रात्री साडेनऊला, पोरं घरी गेल्यावर, बॅटरी घेऊन मॅनिफोल्डखाली हात घातला आणि नळीचा कोपर माझ्या बोटांत तुटून आला. तीनशे रुपयांची नळी. त्या गिऱ्हाइकाकडून हेडच्या मजुरीचा रुपया घेतला नाही, गास्केटचे पैसेही माझ्या खिशातून गेले. त्यानंतर मी धुराचं यंत्र केलं.

यंत्र म्हणजे काय, ऑइलपेंटचा एक लिटरचा पत्र्याचा डबा. झाकणात डिझेल गाडीचा जुना ग्लो प्लग बसवलाय, आत दोन बोटं लिक्विड पॅराफिन. बारा व्होल्ट दिले की प्लग तापतो, पॅराफिनचा पांढरा दाट धूर होतो. एका नळीनं हळू हवा आत, दुसऱ्या नळीनं धूर इनटेकमध्ये. दाब किती, तर केकवरची मेणबत्ती विझावी इतका, त्यापुढं नाही. इंजिन थंड, इग्निशन बंद, आसपास पेट्रोलचा वास नको. दोन मिनिटांत जिथं भोक आहे तिथून उदबत्तीसारखी रेघ निघते. तुझ्या घरी हे करू नको, पेट्रोलच्या गाडीजवळ तापलेला प्लग हा खेळ नव्हे. साताऱ्यात किंवा पुण्यात धुराची टेस्ट करणारं गॅरेज शोध. ‘स्मोक टेस्ट’ म्हणालास की ज्याच्याकडे आहे त्याला लगेच कळतं.

तोपर्यंत घरी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघड. आयडलिंग एकदम बदललं, गाडी अडखळली, तर नळ्यांचं जाळं बऱ्यापैकी बंद आहे. झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, तर समज दुसरं झाकण आधीच कुठं तरी उघडं आहे. मग डिपस्टिकची नळी बघ. तिच्या तोंडाशी नारिंगी प्लास्टिकचं नरसाळं असतं, ते बिस्किटासारखं तुटतं, आणि तिथूनही हवा शिरते. ते आत्ता तुटलेलं नसलं तरी हात लावल्यावर तुटेल, म्हणून नवं आणूनच हात लाव.

तिसरी गोष्ट डायव्हर्टर व्हॉल्व्ह. पाय काढल्यावर टर्बोची अडकलेली हवा परत फिरवणारा हा छोटा काळा लोटा. दोन क्लिपा सोडून हातात घे. मोठ्या तोंडातून बोटानं आतली पिस्टनसारखी चकती वर ढकल, वरची बारीक नळी अंगठ्यानं बंद कर, मग चकतीवरचं बोट काढ. चकती वरच थांबली तर आतलं रबर ठीक. लगेच खाली आली तर फाटलंय. फाटलेला डायव्हर्टर गंमतशीर असतो, उभ्या गाडीत हवा आत घेतो आणि चढाला टर्बोची हवा मागं सोडतो. तुझ्या दोन्ही चोरांना तो जेवू घालत असेल, अशी एक शक्यता आहे. म्हणून हा आधी बघ.

कार्ब क्लीनर फवारून नळी शोधायचा सल्ला तुला कुणी तरी देणारच. गरम टर्बोवर ते पडलं की काय होतं ते मी एकदा बघितलंय. करू नको.

आता थ्रॉटल बॉडी. साफ केल्यावर बिघडलं, याचं कारण मला जवळजवळ नक्की माहीत आहे. या गाडीला ॲक्सिलरेटरची वायर नाही, थ्रॉटलमधली हवेची झडप, म्हणजे फडकी, मोटार हलवते. काजळी धरलेल्या फडकीला किती उघडायचं हे कॉम्प्युटरनं वर्षानुवर्षं शिकलेलं असतं. तू काजळी काढलीस, फट वाढली, त्याला कुणी सांगितलंच नाही. मित्राचा लॅपटॉप लाव, चावी चालू पण इंजिन बंद, बेसिक सेटिंग्जमध्ये ०६० ग्रुप. फडकी गुरगुर आवाज करत उघडझाप करेल आणि पडद्यावर ‘एडीपी ओके’ येईल. दहा सेकंदांचं काम आहे. ज्यानं साफ करायचे पैसे घेतले त्यानं हे करायला हवं होतं. पण आधी हवेची गळती बंद कर, मग हे कर. उलटं केलंस तर कॉम्प्युटर गळतीसकट शिकेल.

आता दुसरा चोर, यवतेश्वरचा.

लुकलुकणारा चेक लाइट आणि नुसता पेटलेला चेक लाइट यांत फरक आहे. नुसता पेटला तर सवडीनं बघ. लुकलुकला तर पाय काढ, तिथल्या तिथं. याचा अर्थ एखादा सिलिंडर इतका मिस मारतोय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन तिथं जळतंय. कन्व्हर्टरचा जाळीदार ठोकळा वितळला की तुझ्या ४६,००० त आणखी मोठी भर पडेल. मित्रांना झटके दाखवायला चढावर नेऊ नको.

पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर मिस, पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. मोजायचं टायमिंग बेल्टच्या बाजूनं, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूनं. टर्बो भरल्यावर सिलिंडरमधली हवा दाट होते आणि दाट हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आयडलिंगला कशीबशी निभावणारी कॉइल तिथं उघडी पडते. प्लगचा गॅप जास्त असला तर आणखीच.

तुझ्या प्लगांच्या फोटोत दोन गोष्टी दिसतात. दुकानदारानं दिलेल्या प्लगच्या डबीवर ११ लिहिलंय, म्हणजे गॅप १.१ मिमी. साध्या पेट्रोल गाडीला तो चालतो. या इंजिनाला ०.७ ते ०.८ पाहिजे. दुकानदार म्हणाला असेल ‘महागातला आहे, बसतो’. बसतो रे, आटे तेच आहेत. फिलर गेज घेऊन तुझे तू मोज, आणि गॅप कमी करताना बाहेरच्या टोकाला हात लाव, मधल्या बारीक टोकाला पाना टेकवू नको, इरिडियम असेल तर चुरा होईल. घट्ट करायचा तो ३० न्यूटन मीटरला, जोर लावून नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चारांतल्या एका प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे. फोटो मोठा करून बघ. ती ठिणगीची पळवाट. आत उडी मारणं जड गेलं की ठिणगी प्लगच्या बाहेरून घसरून हेडला जाते, आणि एकदा वाट पडली की रोज त्याच वाटेनं जाते. रेघ पडलेला प्लग पुसून उपयोग नाही. त्याच्या कॉइलच्या रबरी बुडाशीही तशीच रेघ असणार, ते बूड उलटं करून बघ. आणि प्लगच्या खड्ड्यात तेल आहे का तेही बघ, कव्हरचं गास्केट गळत असेल तर रबर फुगून हेच होतं.

कॉइलची परीक्षा फुकटात होते. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड उडव, एक चढ मार, पण बेतानं. लॅपटॉपवर ०१५ आणि ०१६ ग्रुपमध्ये कुठला सिलिंडर किती वेळा मिस झाला ते मोजलं जातं, मित्राला शेजारी बसवून वाचायला सांग. मिसिंग तीनवर गेलं तर कॉइल दोषी. दोनवरच राहिलं तर प्लगची अशीच अदलाबदल कर. तरीही दोनवरच राहिलं तर इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन. आमच्या काळात चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक उपटून बघायचो, या गाडीत ते करायचं नाही. चालू इंजिनात कॉइल उपसलीस तर तुलाही झटका आणि कॉम्प्युटरलाही.

तू दोनच कॉइल बदललेस, तेही वेगळ्या बनावटीचे. आता गाडीत दोन जुने, दोन नवे, आणि कुठला कुठं बसवला ते बहुतेक कुणाला आठवत नसेल. या इंजिनाच्या कॉइलची कहाणी जुनी आहे. २००३ साली फोक्सवॅगननं अमेरिकेत लाखो गाड्यांच्या कॉइल स्वतःहून बदलून दिल्या होत्या. त्यामुळे चारी एकाच बनावटीच्या, चांगल्या घे आणि जुन्यातली बरी असेल ती डिकीत ठेव. आणि कॉइलला जाणारी वायर बघ. कनेक्टरचं लॉक तुटलंय का, वायरचं इन्सुलेशन हरभऱ्याच्या सालीसारखं सुटतंय का. इंजिनच्या उष्णतेनं ते भुगा होतं, आतली तांब्याची तार एकमेकींना चाटते आणि नवी कॉइलसुद्धा मिस मारते. इथं मी भलेभले फसलेले बघितलेत.

हे सगळं एकाच इंजिनाबद्दल सांगतोय, पण ते इंजिन ऑडीच्या टीटी आणि ए४ मध्ये होतं, गोल्फ जीटीआयमध्ये होतं. म्हणून ऑक्टाव्हियाचं सामान बंद झालं असं कुणी म्हणालं तर मान हलवू नको, पार्ट नंबर विचार. ०६ए नं सुरू होणारे कितीतरी भाग अजून मिळतात.

आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर लगेच बदलू नको. आयडलिंगला २ ते ४ ग्रॅम दाखवत असेल तर त्याला सोडून दे. आधीच्या मालकानं तेल लावायचा कॉटनचा फिल्टर घातला असेल तर मात्र तो काढ, सेन्सरच्या तारेवर तेल बसतं. टेंपरेचर सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पंप, हे सगळे सध्या रांगेत मागं.

इंजिन खोलायचं म्हणणाऱ्याला एकच विचार, ‘कॉम्प्रेशन मोजलंत का?’ मोजलं नसेल तर नमस्कार करून गाडी घेऊन ये. मोजताना इंजिन गरम पाहिजे, चारी प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. नव्या इंजिनाला ९ ते १४ बार येतात, ७ च्या खाली गेलं तर संपलं, आणि चार सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. चारी ९ च्या वर असतील तर खोलायला आत काही नाही.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? तिसरा मालक आहेस, आधीच्या दोघांनी सांगितलेलं धरू नको, बिल दिसलं तरच खरं. बिल नसेल तर या दुरुस्तीच्या आधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदल, पंपाची आतली पंखी धातूची घे, प्लास्टिकची नको. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग मात्र दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं होईल. बेल्ट एक दात सरकला असेल तर त्यानंही आयडलिंग बिघडतं, तेही त्याच वेळी कळेल.

तर आधी बेल्टचं बिल शोध. मग डायव्हर्टर आणि नरसाळं, मग स्मोक टेस्ट, नळ्या, त्यानंतर ०६०. हे झालं की कोड उडवून १५०-२०० किमी चालव आणि ०३२ चा फोटो परत पाठव. पहिला खाना ३-४ च्या आत आलेला मला बघायचाय. प्लग आणि कॉइलचं काम बरोबरच करायला हरकत नाही, पण एका दिवशी एकच वस्तू बदल आणि वहीत लिही. आणि फोटो काढताना पडद्यासमोर सरळ उभा राहा, मागच्या वेळी तुझ्याच सावलीत निम्मे आकडे गेले होते.

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे. घरी पोचल्यावर इंजिन बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवावं असं यजमान सांगतात. गल्लीतली मुलं हसतात. खरंच गरज आहे का? आणि ऑइल कोणतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, यजमानांचं निम्मं बरोबर आहे. जोरात दामटून आल्यावर लगेच बंद केलं तर टर्बोच्या धुऱ्यावरचं तेल तिथंच करपतं. पण बहुतेक टर्बो आता पाण्यानंही थंड होतात आणि शहरातून हळू घरी आलात तर शेवटचा किलोमीटरच ती दोन मिनिटं असतो. हायवेवरून थेट ढाब्यावर वळलात, तर मिनिटभर चालू ठेवा. ऑइलच्या डब्यावरची जाहिरात वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या पेट्रोल टर्बोला ‘व्हीडब्ल्यू ५०२ ००’ असं लिहिलेलं सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घ्या. बाकीच्यांना मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सध्या मुलाकडे ऑकलंडला आहे. त्यानं जुनी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतलीय. उभी असताना ढबढब ढबढब असा लंगडा आवाज करते. मला वाटतं एक सिलिंडर बंद आहे. मुलगा हसतो आणि म्हणतो, आवाजच तसा असतो. कोण बरोबर?
– एक वाचक, मूळचे सांगलीचे

उत्तर : सर, कान तुमचे बरोबर, पण निष्कर्ष मुलाचा बरोबर. या इंजिनात चार सिलिंडर आडवे, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. ठिणगीचा क्रम १-३-२-४. एक आणि तीन उजवीकडचे, दोन आणि चार डावीकडचे, म्हणजे उजवीकडचे दोन पाठोपाठ, मग डावीकडचे दोन पाठोपाठ. त्यांचे एक्झॉस्टचे पाइप वेगवेगळ्या लांबीचे आहेत, म्हणून धुराचे ठोके सायलेन्सरपर्यंत समान अंतरानं पोचत नाहीत. इंजिन सरळ चालतं, आवाज लंगडतो. जपानी बाजारातल्या काही नंतरच्या एसटीआयना, म्हणजे याच गाडीच्या जास्त जोरदार भावंडांना, समान लांबीचे पाइप आले, त्यांचा हा आवाज गेला, आणि लोक त्याबद्दल हळहळतात.

तरी खात्री करायचीच असेल तर एक जुनी युक्ती. गरम इंजिन आयडलिंगला ठेवा, एक कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर दोन बोटांत सैल धरा. लंगडा का असेना, पण ठेका तोच तोच असेल तर कागद एकाच लयीत फडफडेल. मधूनच, कधीही, कागद आत ओढल्यासारखा झाला तर मिसिंग आहे. तसं दिसलं तर स्कॅनर लावा आणि मग प्लग बघा. पण या गाडीत प्लग आडवे, चासीच्या भिंतीला लागून असतात. काढायला आखूड पाना, लांब हात आणि शांत डोकं लागतं, पहिल्यांदा मुलाला एकट्याला करू देऊ नका.